शेवग्याखालचं आळं

शिवरात्र आली की थंडी शिव शिव करत पळते, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. त्या साली ती काही पळाली नाही. बोरी नदीकडून येणारा वारा सकाळी उघड्या हाताला असा झोंबायचा की खुरपं धरवत नव्हतं. तरी भाकऱ्या थापून झाल्या की तिघी बायका विहिरीवरच्या बागेत हजर व्हायच्या, आणि खुरपण्यापेक्षा त्यांचं बोलणंच जास्त चालायचं. मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जाऊन पाच महिने होत आले होते. चावडीवरची उर्दू पाटी उतरली होती, निजामाचा हाली पैसा बाजारात अजून चालत होता, आणि कांद्याला भाव मोगलाईत नव्हता तसा आताही नव्हता.

विहीर दोघांत होती. निम्मी धुळाप्पाची, निम्मी मकबूल बागवानाची. धुळाप्पा हा गौराबाईचा नवरा, घर लिंगायताचं. मकबूल हा बेगमबीचा नवरा, बापजाद्यांपासून भाजीपाल्याच्या धंद्यातला. दोघांच्या बापांनी मिळून विहीर खणली आणि हे दोघं लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून त्याच विहिरीत पोहायला शिकले. दोन्ही रानांच्या मध्ये बांध होता, पण तो नावाला. वांगी तोडायला उतरलेल्या बाईनं हा वाफा कुणाचा म्हणून कधी विचारलं नाही.

तिसरी सिताआक्का. हिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, पण दुसऱ्याच्या वाफ्यात कुठं काय चुकलं हे सांगायला ही सगळ्यांच्या आधी. कांद्याच्या माना पडल्या की नाही, लसणाची पात पिवळी पडली तरी तुम्ही अजून पाणी का देता, वांग्याचं बी धरायचं तर पहिल्या तोड्यातलं धरू नये, असलं तिचं चालायचं. बेगमबी तिला म्हणायची, आक्का, तुम्हाला मुसलमानात जन्म मिळाला असता तर तुम्ही बागवानच झाल्या असत्या. त्यावर सिताआक्का म्हणायची की मग तुझा नवरा उपाशी मेला असता. म्हणून झाल्यावर ती जीभ चावायची, आणि गौराबाई मान खाली घालून जोरजोरानं खुरपायला लागायची.

कारण गौराबाईला ठाऊक होतं. त्या बागेत पाठ फिरवून बसलं की पाठीमागं कुणीतरी आहे असं तिला सारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर होतंच. विहिरीच्या पलीकडं, शेवग्याच्या झाडाखाली, मकबूल मातीत होता. हे अख्ख्या जगात दोन माणसांना माहीत होतं, तिला आणि धुळाप्पाला. बेगमबीला माहीत नव्हतं. ती बापडी हैदराबादच्या सडकेकडं डोळे लावून बसली होती.

झालं ते भादव्यात झालं, गौरीगणपतीच्या मागं. उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आसपासची गावं लुटली होती, घरं जाळली होती, बायाबापड्यांचे हाल केले होते. ते खोटं नव्हतं. पण हिंदुस्थानची फौज आली, रझाकार बंदुका टाकून पळाले, आणि सूड कुणावर निघाला तर घरी सापडले त्यांच्यावर. बाहेरगावचं टोळकं आलं आणि गावातले दोघंतिघं त्यांना वाट दाखवायला पुढं झाले. मकबूलनं आयुष्यात बंदूक धरली नव्हती. तो विहिरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. भर दुपारी, पाऊस पडत असताना. धुळाप्पा मधे पडला तर त्याला ढकलून चिखलात पाडलं, आणि काम उरकून ते लोक पुढच्या घराकडं गेले.

बेगमबी तेव्हा सोलापूरला होती, भावजयीच्या बाळंतपणाला. वाटा मोकळ्या झाल्यावर दिवाळीच्या सुमाराला ती परत आली, तर घराला कडी. ती सरळ धुळाप्पाच्या दारात गेली. धुळाप्पा दारात उभा राहून म्हणाला, मकबूल नळदुर्गच्या सडकेनं हैदराबादकडं गेला, लई लोक गेले तसाच गेला, येईल. बेगमबीनं गौराबाईच्या तोंडाकडं बघितलं. गौराबाईनं मान हलवली. तेवढंच केलं तिनं, नुसती मान हलवली. पण त्या हललेल्या मानेवर बेगमबीनं सगळा हिवाळा काढला.

आता तुम्ही म्हणाल, खोटं का बोलले? भीतीनं बोलले, दुसरं काय. वाट दाखवणाऱ्यांतला उत्तरेश्वर रोज चावडीपुढं बिडी ओढत बसायचा. धुळाप्पा दिसला की विचारायचा, काय धुळाप्पा, तुमचा भागीदार कुठं गेला? खरं सांगावं, तर मारणाऱ्यांची नावं सांगावी लागणार, आणि मग आपल्या छपरावर काडी पडायला किती वेळ लागतो? धुळाप्पानं बायकोला गळ्यातलं लिंग हातात धरायला लावलं आणि शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला. गौराबाई ती मूठ झाकून बसली, पण खाई त्याला खवखवे. तिला घास गोड लागेना.

आणि माघात ती जमीन खचली. शेवग्याखालची.

विहिरीचं पाणी पाटानं रोज तिथून जायचं, झिरपायचं. आतली माती बसत गेली आणि एके दिवशी तिथं एक खड्डा दिसायला लागला, चांगला गोल, घमेलं बसेल एवढा खोल. भोपळ्याचं आळं कुणी मुद्दाम करून ठेवावं तसा. बेगमबीला तो आधी दिसला. ती हरखूनच गेली. दुधीचं बी लावायचे दिवस तोंडावर आले होते, आळी खणायला तिच्याकडं गडी नव्हता, आणि इथं आयतं आळं. माती भुसभुशीत, ओल टिकलेली, वर शेवग्याचा आधार वेल चढवायला. शिवरात्रीला इथंच बी टाकते, म्हणाली.

गौराबाईनं खुरपं खाली ठेवलं. ती म्हणाली, तिथं नको, सावली पडती. सिताआक्का म्हणाली, शेवग्याची सावली म्हणजे काय सावली गं, चाळणीतनं ऊन गाळल्यासारखी. गौराबाई म्हणाली, घुशीनं पोखरलं असंल. सिताआक्का म्हणाली, घूस असती तर माती वर आली असती, खाली गेली नसती. गौराबाई म्हणाली, मग माझ्या वाफ्यात लाव की, जागा लई हाय. यावर दोघीही हसल्या. सिताआक्का म्हणाली की आज हिचं काहीतरी बिनसलंय, आयतं आळं मैत्रिणीला मिळालं तर हिच्या पोटात का दुखतंय. गौराबाईनं पुन्हा खुरपं उचललं. बोलून बोलून ती किती बोलणार?

घाई बेगमबीलाही होती, आणि तिचं कारण निराळं होतं. तिचा भाऊ जैनोद्दीन सोलापूरला गिरणीत होता. तो चार वेळा येऊन सांगून गेला होता, बाई, एकटी राहू नकोस, चल माझ्याबरोबर. दर वेळी हिचं एकच, ते आले आणि दाराला कुलूप बघून माघारी गेले तर? शेवटी तो चिडला. शिवरात्रीच्या दिवशी गाडी घेऊन येतो, म्हणाला, आणि तुला घेतल्याशिवाय जात नाही. बेगमबीचा मनात हिशेब असा, की तो यायच्या आत बी मातीत पडलेलं असलं, तर भावाला सांगता येतं, बाबा, मी वेल लावलाय, त्याला पाणी कोण घालणार? वेल सोडून बाई कुठं जाते का? तेवढ्यावर उन्हाळा निघेल. उन्हाळ्यात मकबूल येईलच.

हे ती अगदी सरळ सांगायची. म्हणून तर गौराबाईला ऐकवायचं नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिघी लसूण काढत होत्या. ऊन चढलं होतं, वारा पडला होता. सिताआक्कानं बेगमबीला विचारलं की डोळे का सुजलेत, झोप लागत नाही का. बेगमबीनं लसणाची माती झटकली. मग म्हणाली, रात्री ते आले होते.

गौराबाईच्या हातातलं खुरपं थांबलं.

"ख्वाबात गं," बेगमबी म्हणाली. "रोज न्हाय येत, पन येतात. दारातनं हाक मारतात. मी आत घेते, वाकळ अंथरते, म्हनते, दमून आलाव, पडा जरा. तर पडतच न्हाईत. गुडघं पोटाशी घिऊन नुसतं बसतात. मला म्हनतात, बेगम, कंबर भरून आली गं, पाठ टेकायचीय. मी म्हनते, अंथरूण हाय की म्होरं. तर म्हनतात, पडता येत न्हाय."

सिताआक्का म्हणाली, लांबचा प्रवास करून माणूस आलं की कंबर धरतेच.

"आनि आक्का, त्यांच्या कपाळाला राख असती. पांढरी, आडवी. मी पदरानं पुसाया जाते तवा जाग येती."

सिताआक्कानं त्याचाही अर्थ लावला. राख म्हणजे फकिराची, म्हणाली. कुठल्यातरी दर्ग्यावर बसला असेल, मन विटलं असेल माणसाचं, आपोआप ताळ्यावर येऊन घरी येईल. बेगमबीला ते पटलं. कुठला दर्गा असेल यावर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. गौराबाईला एक अक्षर ऐकू आलं नाही. ऊन डोक्यावर होतं आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला होता, तो बसेचना.

लिंगायतात माणसाला जाळत नाहीत आणि निजवतही नाहीत. मांडी घालून बसवतात. खड्ड्यात बसवायचं, कपाळाला भस्म लावायचं, तोंड उगवतीला करायचं, वर बेलपानं टाकायची आणि माती लोटायची. त्यांचा पुरोहित, जंगम, येऊन मंत्र म्हणतो. धुळाप्पाला याच्यापलीकडं काही येत नव्हतं. त्या दिवशी भर पावसात तो एकटा खड्डा खणत होता, आणि जे आपल्या बापासाठी केलं तेच त्यानं मकबूलसाठी केलं. स्वतःचं धोतर फाडून गुंडाळलं. खड्डा अरुंद, मांडी घालता येईना, म्हणून गुडघे पोटाशी दुमडून बसवलं. जंगम कुठून आणणार, म्हणून स्वतःच शिव शिव म्हटलं. आणि कमरेच्या बटव्यातून भस्म काढून तीन बोटांनी त्याच्या कपाळावर ओढलं. रिकाम्या कपाळानं कसा पाठवू, असं म्हणून तो रडला होता. गौराबाई मकबूलच्या अंगावर घागरीनं पाणी घालत उभी होती. तिनंही तेव्हा यात काही चूक आहे असं मनात आणलं नाही. मायेनं केलं होतं सगळं. पण मायेनं केलं म्हणून मेलेल्याची कंबर दुखायची थांबते का?

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो ज्वारी काढून आला होता, धांडं अंगाला घासून हात लाल झाले होते. स्वप्नाचं ऐकून तो भिंतीला टेकला.  मग म्हणाला, तू काही बोलली असशील तिच्यापुढं. गौराबाई म्हणाली, भस्माचं कधी बोलेन? तुमच्या-माझ्याशिवाय कुणी बघितलंय ते? धुळाप्पानं तोंडावर हात फिरवला. त्यानं कबूल केलं की भादव्यापासून तो त्या शेवग्याकडं गेलेला नाही, पाणी धरायला गेला तरी पाठ करून धरतो. पण सांगायचं मात्र नाही, म्हणाला. उत्तरेश्वर अजून चावडीवर बसतो. बेगमबी उद्या भावाबरोबर जाईल, सोलापूरला सुखात राहील, सुंठीवाचून खोकला जाईल.

"आनि न्हाय गेली तर?" गौराबाईनं विचारलं. "तिथंच कुदळ घालणार हाय ती."

धुळाप्पा तिथंच आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

शिवरात्रीला गौराबाईचा उपास. पहाटे अंघोळ करून ती महादेवाला बेल वाहायला गेली. देवळात गर्दी होती, पिंडीवर बेलाचा ढीग पडला होता. ती हात जोडून उभी राहिली, पण तिच्या डोळ्यांपुढं पिंडी नव्हतीच. तिच्या डोळ्यांपुढं मकबूलच्या ओल्या डोक्यावर धुळाप्पानं टाकलेली शेवग्याची पानं होती, कारण त्या पावसात बेल कुठून मिळणार? तिनं बेल ओंजळीत तसाच ठेवला आणि ती देवळातून निघाली ती तडक विहिरीवर आली.

बेगमबी आधीच पोचली होती. वाटीत ताकात भिजवलेलं दुधीचं बी होतं. खड्ड्याच्या काठाची माती तिनं खुरप्यानं सारखी केली होती, आणि आता आळं जरा खोल करायला हातात कुदळ घेतली होती. गौराबाईला बघून ती म्हणाली, बरं झालं आलीस, तुझ्या हातानं पहिलं बी टाक, तुझा हात चांगला आहे, आणि जैनूभाई यायच्या आत उरकू. कुदळ एकदा पडली. दुसऱ्यांदा तिनं ती उचलली.

गौराबाई खड्ड्यात उतरली आणि तिनं कुदळीचा दांडा धरला.

"खणू नको, बेगम," ती म्हणाली. "मकबूलभाई हाईत हितं."

बेगमबीनं दांडा ओढला नाही. सोडलाही नाही. ती गौराबाईच्या तोंडाकडं बघत राहिली, दिवाळीला दारात उभी राहून बघत होती तशी, पण या वेळी गौराबाईनं मान हलवली नाही. जे होतं ते बोलली. पाऊस, मेथीच्या जुड्या, चिखलात पडलेला धुळाप्पा, सगळं. शपथेचंही सांगितलं. बोलताना तिला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

"म्हंजे मी हैदराबादेस्नं येणाऱ्या गाडीवानांना इच्यारत हुते, तवा तू माझ्या बाजूला उभी व्हतीस," बेगमबी म्हणाली.

"व्हय."

"निजवलं का त्यांना?"

 आता एक सांगून दुसरं ठेवायचं कसं? "न्हाय," गौराबाई म्हणाली. "बसवलं. आमच्यातल्यागत. ह्यांना दुसरं ठावंच न्हाय गं."

"आनि राख?"

"आमचं भस्म."

बेगमबी शेवग्याच्या बुंध्याला धरून खाली बसली. ती ओरडली नाही की छाती पिटली नाही. ताकातलं बी तिच्या पायाशी सांडलं होतं, त्याकडं तिचं लक्ष नव्हतं. सिताआक्का एवढ्यात विळा घेऊन बांधावर आली होती. तिनं दोघींची तोंडं बघितली, खड्डा बघितला, आणि या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता तोंडाला पदर लावला.

मग बेगमबी म्हणाली, तुझ्या नवऱ्याला बोलाव.

धुळाप्पा आला तेव्हा दुपार झाली होती. तो फावडं घेऊनच आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी घेऊन आला. बेगमबीपुढं येऊन उभा राहिला. जैनोद्दीनची गाडीही त्याच वेळी येऊन पोचली. त्याला सांगितलं तेव्हा तो दोन्ही हात तोंडावर घेऊन काहीतरी पुटपुटला. सावरल्यावर म्हणाला, एकदा माती दिलेली कबर उघडत नाहीत, नळदुर्गहून मौलवीसाहेबांना बोलावू, ते म्हणतील तसं करू.

"पाच महिने बसवून ठिवलंय त्यांना," बेगमबी म्हणाली. "आनि मौलवी येस्तवर बसवायचं?"

जैनोद्दीननं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

भर दिवसा, उघड्या रानात, दोघं खणायला लागले. शिवरात्रीची सुट्टी, लोक देवळात जात-येत होते, रस्त्यावरून सगळं दिसत होतं. थोड्या वेळानं बांधावर उत्तरेश्वर येऊन उभा राहिला. बिडी तोंडातच होती. त्यानं विचारलं, काय धुळाप्पा, काय खणताय?  हाच प्रश्न चुकवायला तर गौराबाईचा नवरा पाच महिने मेल्याहून मेल्यासारखा जगला होता. धुळाप्पानं फावडं मातीत रोवलं, कंबर सरळ केली आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"मकबूलला निजवतोय. तुमी बसू दिला न्हाई त्याला, मारला. म्या बसवला ती माझी चूक. येताव का हात लावाया?"

रस्त्यावर दोघंचौघं थांबले.  उत्तरेश्वरनं बिडी पायाखाली विझवली आणि लोकांकडं न बघता तो गावाकडं चालायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही, आणि त्याच्याबरोबर कुणी गेलंही नाही.

माती काढल्यावर काय दिसलं ते मी सांगणार नाही. ज्यांनी बघितलं त्यांनीही नंतर कधी सांगितलं नाही. एवढंच सांगतो, की जैनोद्दीननं बाजूला लांब खड्डा घेतला, मांजरपाटाच्या कोऱ्या कापडात मकबूलला गुंडाळला, उजव्या कुशीवर निजवला आणि तोंड मावळतीला, काब्याकडं केलं. कपाळ पुसायचं काम बेगमबीनं मागून घेतलं. जैनोद्दीन नमाजाला उभा राहिला तेव्हा धुळाप्पा त्याच्या मागं उभा राहिला. हात कुठं धरायचे हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ते जोडले. पुन्हा काही चुकेल या भीतीनं तो शिव शिवसुद्धा म्हणाला नाही.

दिवस कलला. जैनोद्दीन बहिणीच्या दारात आला, गाडीत बैल जुंपलेले होते. तो थकला होता आणि मऊ आवाजात बोलत होता. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, बांगडी-दागिना घालायचा नाही, दुखवटा पाळायचा, त्याला त्यांच्यात इद्दत म्हणतात. पण बातमी उशिरा कळली तरी दिवस मरणाच्या दिवसापासून धरतात, तो म्हणाला. भादव्यापासून धरले तर ते केव्हाच सरले. तुला आता बसायची गरज नाही, बाई. तू मोकळी आहेस, चल.

गौराबाई अंगणाच्या कडेला उभी होती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि जाही म्हटलं नव्हतं. केव्हाच सरले, हे ऐकून तिला ते दिवस आठवले. त्या दिवसांत बेगमबीनं वांग्याच्या भावावरून बाजारात भांडण केलं होतं. संक्रांतीला कासाराकडं दोघी मिळून गेल्या होत्या, आणि हिरव्या घे, मकबूलभाईंना हिरव्या आवडतात, असं गौराबाईच म्हणाली होती. विधवेच्या हातात तिनं आपल्या पसंतीनं बांगड्या भरल्या होत्या. तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

बेगमबी उंबऱ्यावर बसली होती. हात मोकळे होते, बांगड्यांचे तुकडे तिनं पदरात बांधले होते. भावाचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "भाईजान, गाडी रिकामी न्या. माझे दिवस सरले न्हाईत. मला कुनी ते दिलेच न्हाईत तर सरतील कसं? आजपास्नं मी बसनार."

जैनोद्दीननं पुष्कळ समजावलं. दीन असं सांगत नाही, म्हणाला. लोक काय म्हणतील, म्हणाला. शेवटी त्यानं विचारलं की दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही तर तुला बाजार कोण आणणार, पाणी कोण भरणार?

बेगमबीनं मान वर केली. विहिरीवरून आल्यापासून तिनं पहिल्यांदा गौराबाईकडं बघितलं.

"ही भरंल," ती म्हणाली. "रोज. दारात ठिवायचं आनि जायाचं. चार महिने दहा दिवस. आनि गौरा, बोलायचं न्हाय. एक शबद न्हाय. इतके दिवस गप बसाया आलं न्हवं तुला? मंग आता बी बस."

   उंबऱ्याशी ठेवलेली रिकामी घागर गौराबाईनं उचलली, कमरेवर घेतली आणि ती विहिरीकडं गेली.